वयानं दुप्पट असलेल्या ऑपरेटरला त्याची चूक सांगायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २६. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागला, आता भोसरीच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकानं चालणाऱ्या मशीनच्या) लाइनवर शिफ्ट सुपरवायझर. हाताखाली अकरा माणसं, त्यातले तिघं वयानं दुप्पट. त्यांची चूक दाखवली की ते गप्प होतात, नाहीतर ‘तुमच्या जन्माआधीपासून मशीन चालवतोय’ म्हणतात. नाही दाखवली की सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर याचीच काढतात. वर अप्रेझलच्या कागदावर एकच ओळ: ‘कम्युनिकेशन सुधारण्याची गरज.’ करायचं काय?

मी या धंद्यात तीसेक वर्षं काढली. आधी भोसरी, मग चाकण, मध्ये काही वर्षं वाळूज. सुरुवात तुमच्यासारखीच, ट्रेनी म्हणून. त्यामुळे आधी माझी चूक सांगतो, सल्ला नंतर.

मी २५ वर्षांचा होतो. शाफ्टवर बेअरिंग बसायची जागा टर्न करायची होती. ड्रॉइंगला ३५ मिलिमीटर, के-६ (मापात किती फरक चालेल ते सांगणारा कोड). म्हणजे माप ३५.००२ ते ३५.०१८ यांच्या मध्ये यायला हवं, सोळा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या सोळा हजारांशांची, खिडकी. एका सकाळी क्वालिटीवाल्यानं ४२ नग लाल ट्रेमध्ये टाकलेले दिसले, सगळे ओव्हरसाइज. मी तडक मशीनवर गेलो. मशीनवर पन्नाशीचे एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी म्हणालो, ‘मामा, चष्मा बदला आता.’ शेजारचे दोन हेल्पर हसले. मामा काही बोलले नाहीत, मशीन पुसायला लागले.

दुपारी कळलं ते असं. आठवड्यापूर्वी परचेसनं इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या बदलत्या पात्याचा, मेक बदलला होता, स्वस्तातला आणला होता. जुना इन्सर्ट एका धारेवर दीडशेच्या आसपास नग काढायचा, नवा शंभरच्या आतच बसायचा. इन्सर्टचं टोक झिजलं की बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो आणि ऑपरेटर ऑफसेट देऊन (मशीनला तेवढी दुरुस्ती सांगून) तो खाली आणतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तपासणी ठरलेली होती दर ५० नगांना एक, जुन्या इन्सर्टच्या हिशेबानं. दोन तपासण्यांच्या मध्येच माप खिडकीबाहेर गेलं. आणि ‘नवा इन्सर्ट लवकर झिजतो, चेकिंग वाढवावं लागेल’ हे मामांनी तीन दिवस आधी लॉगबुकात लिहून ठेवलं होतं. त्याखाली सुपरवायझरच्या रकान्यात माझी सही होती. सही केली होती, वाचलं नव्हतं.

नग ओव्हरसाइज होते म्हणून पुन्हा कट घेऊन वाचले. अंडरसाइज असते तर भंगारात गेले असते. मी मामांना एकट्यात गाठून ‘चुकलो’ म्हणालो. ते म्हणाले, ‘असू द्या साहेब.’ मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढचे चार महिने माझ्या शिफ्टचं लॉगबुक स्वच्छ होतं. तक्रार नाही, सूचना नाही, शेरा नाही. मला तो माझा दरारा वाटला. मग एक दिवस त्याच मशीनचं स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) बसलं. बेअरिंग गेलं होतं, मशीन नऊ दिवस बंद. मेंटेनन्सवाल्यानं मामांना विचारलं, आवाज कधीपासून येत होता? ते म्हणाले, तीन आठवडे झाले असतील. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? मामा शांतपणे म्हणाले, ‘साहेब, चष्मा जुना आहे, तसे कानही जुनेच.’

ते वाक्य अजून डोक्यात आहे. तोवर माझी समजूत अशी होती की बोलण्यात कमीजास्त झालं तर माणूस दुखावतो, दोन दिवस फुगतो, मग येतो ताळ्यावर. पण फुगणं हे लहान नुकसान. मोठं नुकसान हे की तो सांगायचं थांबतो, आणि तुम्हाला ते कळतसुद्धा नाही, कारण सगळं आधीपेक्षा सुरळीत दिसायला लागतं. अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेनं नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या नर्सिंग टीमचा अभ्यास केला होता. औषध देण्यातल्या चुका कुठल्या टीममध्ये जास्त होतात, हे बघायचं होतं. निकाल उलटा आला: ज्या टीमचं आपसात चांगलं जमत होतं, तिथंच चुकांची नोंद जास्त. त्या जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तर झालेली चूक बोलून दाखवायची भीती नव्हती म्हणून, असा अर्थ तिनं त्यातून काढला. हे वाचलं तेव्हा मला माझं ते स्वच्छ लॉगबुक आठवलं. क्वालिटीच्या क्षेत्रातले आद्यपुरुष डेमिंग यांच्या १४ सूत्रांपैकी आठवं हेच आहे: कामाच्या जागेवरून भीती घालवा. आपल्याकडे ती सूत्रं फ्रेम करून कॉन्फरन्स रूममध्ये लावतात आणि त्याच फ्रेमखाली बसून सकाळच्या मीटिंगमध्ये माणसाची सालं काढतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर: तोंड उघडण्याआधी मशीनपाशी जा. मायक्रोमीटर घेऊन स्वतः दोन नग मोजा. मायक्रोमीटरचा झिरो बघा. इन्सर्ट कितव्या धारेवर आहे, कूलंटचं (कापताना थंडावा देणाऱ्या द्रवाचं) प्रमाण काय, मशीन सकाळी थंड असताना पहिले नग काढलेत का, जॉ (नग पकडणारे जबडे) कधी बोअर केले, आदल्या शिफ्टनं काय लिहून ठेवलंय, हे सगळं बघा. दहा मिनिटं लागतात. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा असं निघतं की जी चूक तुम्ही माणसाला सांगायला निघाला होता, ती माणसाची नसतेच. उरलेल्या निम्म्या वेळा ती त्याची असते, पण आता तुमच्या हातात माप असतं आणि समोरच्याला दिसलेलं असतं की तुम्ही आधी बघितलंत, मग बोललात. पन्नाशीच्या ऑपरेटरसाठी या गोष्टीला फार किंमत आहे. तो तुमचं वय मोजत नाही हो. तुम्ही मोजलंत की नाही, ते मोजतो.

आता सांगायचं कसं.

आपल्याकडे थेट सांगण्याची सवय कमी, हे मान्य करून पुढे जाऊ. आपल्या घरातच शिकवलेलं असतं: लेकी बोले सुने लागे. म्हणजे चुकला मोठा ऑपरेटर आणि झापायचं हेल्परला, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं. किंवा टूलबॉक्स टॉकमध्ये (कामाआधीच्या छोट्या बैठकीत) ‘काही लोकांना असं वाटतं की...’ अशी सुरुवात करायची. किंवा शालजोडीतले हाणायचे: ‘मामा काय, एक्स्पर्ट आहेत, त्यांना काय सांगायचं!’ हे तिन्ही प्रकार बंद करा. त्यात ज्याला लागायचं त्याला लागतं, पण काय बदलायचं ते कळत नाही. आणि बिचारा हेल्पर फुकट मार खातो.

अलीकडे यात चौथा प्रकार आलाय, तो सगळ्यांत वाईट. रिजेक्शनच्या ट्रेचा फोटो काढायचा, लाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, खाली मशीन नंबर. नाव लिहिलं नाही म्हणून समाधान मानायचं. अहो, त्या मशीनवर त्या पाळीत कोण होतं हे सगळ्या ग्रुपला पाठ असतं. माझ्या चष्म्याच्या विनोदाला दोन जण हसले होते, इथं चाळीस जण बघतात आणि तो फोटो त्याच्या पोरापर्यंतही जातो.

मग? एकट्यात, त्याच पाळीत, मशीनजवळच. केबिनमध्ये बोलावू नका. आपल्याकडे केबिनमध्ये बोलावणं म्हणजे अर्धी शिक्षा, तो आत यायच्या आधीच बचावाची तयारी करून येतो आणि बाहेरचे दहा जण काचेतून बघत असतात. चहाची वेळही नको, ती त्याची आहे. माझा अनुभव असा की नग हातात असताना, सायकल चालू असताना, दोघंही नगाकडे बघत असताना बोलणं सगळ्यांत सोपं जातं. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

हाक नेहमीचीच. रोज मामा म्हणत असाल तर मामाच. चूक सांगायच्या दिवशी एकदम आडनावानं हाक मारली की ती हाकच मेमो वाटते. अहो-जाहो सोडू नका, आणि त्यांनी तुम्हाला ‘साहेब’ म्हटलं तर त्यात थोडा टोमणा असतो हे ओळखून ठेवा, पण त्यावर जाऊ नका. बोलण्याच्या बाजाचंही लक्षात घ्या. कोल्हापूरकडचा माणूस प्रेमानं बोलला तरी विदर्भातल्याला वाटतं भांडतोय. पुण्याचा माणूस गोड बोलला की बाकी सगळ्यांना वाटतं, यात काहीतरी आहे.

आणि तो ‘पण’ काढून टाका. ‘मामा, तुमचं काम नंबर एक आहे, पण...’ आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. शॉपफ्लोअरवर ते चालत नाही. तिसऱ्यांदा केलंत की माणूस कौतुक ऐकायचंच सोडून देतो, ‘पण’ची वाट बघत उभा राहतो. मग खरंखुरं कौतुक करायची सोयही राहत नाही. कौतुक वेगळ्या दिवशी करा, स्वतंत्र करा, आणि तेही मापात करा: ‘काल ती सेटिंग तुम्ही पंचवीस मिनिटांत उतरवलीत, मला चाळीस लागली असती.’ बस.

चूक सांगण्याची रीत कौतुकासारखीच. ‘तुम्ही हल्ली लक्ष देत नाही’ यात धरायला काहीच नाही. त्याऐवजी: ‘मामा, साडेदहा ते सव्वाअकरा या वेळेतले बारा नग ३५.०२१ ते ३५.०२४ आलेत. चेकशीटवर साडेदहाची नोंद रिकामी आहे. काय झालं होतं तेव्हा?’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड आहे, पाच सेकंद तासासारखे वाटतात. पण ‘काय झालं होतं’ हा प्रश्न खरा असेल तरच उत्तर येतं. कदाचित ते म्हणतील, चिप कन्व्हेयर अडकला होता, तिकडे होतो. म्हणजे प्रश्न कन्व्हेयरचा. कदाचित म्हणतील, राहिलं साहेब. तेवढं पुरे. ‘राहिलं’ म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा चार वाक्यं ऐकवू नयेत. पुढच्या तासाला चेकशीट भरलेलं दिसलं की विषय संपला.

प्रसंग सांगा, त्यात काय केलं ते सांगा, त्याचा परिणाम सांगा, अशी एक चौकट अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेनं रूढ केली आहे. तिचा आमच्या कारखान्यातल्या भाषेतला अर्थ वरच्या वाक्यात आहे. ही चौकट का चालते, याचं उत्तर मला क्लूगर आणि डिनिसी या दोघांच्या १९९६ मधल्या कामात सापडलं. त्यांनी फीडबॅकवरच्या जुन्या प्रयोगांचे निकाल, एकूण ६०७, एकत्र करून पाहिले. सरासरीत फीडबॅकनं काम सुधारतं खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते चक्क बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं, की ‘मी कसा आहे, हा मला काय समजतो’ या विचारात माणूस अडकतो आणि काम मागे पडतं. ‘३५.०२१’ म्हटलं की लक्ष नगावर राहतं. ‘चष्मा बदला’ म्हटलं की संपलं.

एक गोष्ट वयाची. काही चुका तुम्ही सांगूच नका. कान सोनारानंच टोचावेत. तिघा ज्येष्ठांपैकी ज्याचा शब्द बाकीचे दोघं मानतात, तो कोण ते ओळखा. हातोटीची, सवयीची गोष्ट असेल, जॉब क्लॅम्प करताना जोर जास्त लावणं वगैरे, तर त्याच्याशी आधी बोला: ‘दादा, मला असं दिसतंय, तुम्हाला काय वाटतं?’ तो पटला तर तोच सांगेल, आणि तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. यात कमीपणा नाही. मात्र हे त्याच्या आडून तक्रार पोचवण्यासाठी वापरू नका, ते लगेच कळतं.

कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचं गणित पूर्ण वेगळं आहे आणि तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मामा तुम्हाला उलट उत्तर देतात कारण त्यांना देता येतं. बिहारहून किंवा नांदेडहून आलेला, सात महिन्यांच्या करारावरचा पोरगा सगळ्याला ‘हो सर’ म्हणतो. त्याला तुमच्या प्रत्येक वाक्यात ‘उद्यापासून गेटवर पास मिळणार नाही’ हे ऐकू येतं. म्हणून त्याच्याशी बोलताना पहिलं वाक्य हेच: ‘नोकरीचा विषय नाही, मापाचा आहे.’ आणि समजलं का विचारू नका, करून दाखव म्हणा. ‘समजलं का’ला जगात एकच उत्तर आहे.

हे सगळं सौम्य बोलणं एका ठिकाणी लागू नाही. मशीनच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी कळ) तार घालून बायपास केलेला दिसला, प्रेसच्या लाइट कर्टनसमोर (हात आत गेला की प्रेस थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्यासमोर) पुठ्ठा लावलेला दिसला, तर एकट्यात गाठायची वाट बघू नका. तिथंच मशीन थांबवा, आवाज चढला तरी चालेल. बोटं गेल्यावर फीडबॅकची कुठली रीत कामाला येत नाही. तसंच, हत्यार बरोबर, शिकवणं झालेलं, दोनदा बोलून झालेलं आणि तरी तेच चालू, तर तो विषय आता शिस्तीचा आहे. त्याला एचआर आहे, कागद आहे, त्याची वेगळी पायरी आहे. पण मनात मेमो ठेवून तोंडानं ‘सहज बोलायचं होतं’ म्हणू नका. एकदा असं केलंत की पुढची पाच वर्षं तुमचं कुठलंच सहज बोलणं सहज राहत नाही.

आता तुमच्या मॅनेजरकडे वळू. सकाळच्या मीटिंगमध्ये ते ओरडतात. त्यांना बदलणं तुमच्या हातात नाही, मलाही माझे बदलता आले नाहीत. ओरडण्यात बहुतेक वेळा एखादा आकडा असतो. वहीत फक्त तो आकडा लिहा. ‘सेकंड शिफ्ट, १८ नग शॉर्ट.’ बाकीची विशेषणं लिहू नका, वहीत लिहिली की रात्री पुन्हा वाचली जातात. तिथल्या तिथं कारणं द्यायला लागलात की दहा जणांसमोर ती सबब वाटते. ‘बघून अकरापर्यंत सांगतो’ म्हणा, आणि अकराला खरंच जा, माप आणि कारण घेऊन. हे चारपाच वेळा झालं की बरेच मॅनेजर मीटिंगमध्ये ओरडण्याऐवजी ‘अकराला ये’ म्हणायला लागतात. सगळे नाही. काही जणांना ओरडायचंच असतं.

‘कम्युनिकेशन सुधारण्याची गरज’ ही ओळ मात्र सोडू नका. ती ओळ म्हणजे ‘लक्ष देत नाही’चाच इंग्रजी शिकलेला भाऊ आहे. मला एका वर्षी शेरा होता, ‘ओनरशिप कमी.’ मी चार दिवस तोंड पाडून फिरलो, बायकोला सांगितलं नाही. मग धीर करून साहेबांकडे गेलो आणि वाद न घालता विचारलं, ‘सर, असं कुठल्या वेळी वाटलं, एखादा प्रसंग सांगता का?’ त्यांनाही आठवायला वेळ लागला. शेवटी निघालं ते असं: शिफ्ट संपल्यावर मी दिवसाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवत असे आणि त्यांच्या वरिष्ठांचा फोन रात्रीच यायचा. त्यांच्याकडे सांगायला आकडा नसायचा. एवढंच. चार मिनिटांचं काम होतं. त्या चार मिनिटांपायी वर्षाचं इन्क्रिमेंट कमी झालं होतं, आणि त्यांनी ते अकरा महिने मला सांगितलं नव्हतं.

तेव्हा जा आणि तसाच प्रश्न विचारा. ‘माझं काय चुकलं’ असं विचारू नका, त्यावर ‘तसं काही नाही, चांगलं चाललंय’ असं उत्तर येतं. प्रसंग मागा. मिळाला की लगेच स्पष्टीकरण देऊ नका, लिहून घ्या, महिन्यानं परत जाऊन विचारा: आता कसं वाटतंय? त्यांना प्रसंग आठवलाच नाही, तर तोही एक निकाल आहे, तेवढ्यापुरती झोप लागायला हरकत नाही.

राहिली उलटी बाजू: तुमच्या माणसांनी तुम्हाला सांगावं, ही. सूचनापेटीचं नाव काढू नका. मी ज्या कारखान्यांत होतो तिथल्या पेट्यांत बिस्किटांचे कागद निघायचे. पाळी बदलताना दोन शिफ्ट दहापंधरा मिनिटं एकत्र असतात, ती वेळ धरा. लॉगबुक उघडा, त्यांच्यासमोर वाचा, बोट ठेवून वाचा, म्हणजे वाचलेलं दिसेल. मग एक प्रश्न: ‘मामा, आज मशीननं कुठं त्रास दिला?’ ‘काही अडचण?’ नको, त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं आहे.

पहिले चारसहा दिवस ‘काही नाही साहेब’ एवढंच मिळेल. विचारत राहा. मग एक दिवस कूलंटचा वास येतोय, असं काहीतरी म्हणतील. माझ्या पाहण्यात सुरुवात कूलंटवरूनच होते, कोणावर आळ न घेता बोलता येतं म्हणून असेल. त्याच दिवशी स्टोअरला फोन लावा, त्यांच्यासमोर, आणि दुसऱ्या दिवशी टाकी साफ झालेली दिसली पाहिजे. स्पिंडलच्या आवाजाचं ते त्यानंतर सांगतील.